काडतूस निवडण्याची विद्या

झाडलेले काडतूस पुन्हा भरण्याच्या कामाला नेमबाजीच्या जगात मोठी परंपरा आहे. अमेरिकेत आणि युरोपातल्या अनेक देशांत, तिथल्या कायद्याच्या चौकटीत राहून, नेमबाज पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. तिची वापरलेली टोपी काढतात, फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणतात, नवी टोपी बसवतात, तोलून दारू भरतात आणि वर गोळी बसवतात. या कामासाठी कोणता प्रेस घ्यावा आणि कोणत्या डाय घ्याव्यात, यावर तिकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस, डाय फिरवून घेता येणारा टरेट प्रेस आणि दांडा एकदा ओढला की सगळ्या टप्प्यांवरचे काम एकदम पुढे नेणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस, हे प्रेसचे तीन मुख्य प्रकार. डायमध्येही पूर्ण पुंगळी दाबणारी वेगळी, फक्त पुंगळीची मान दाबणारी वेगळी आणि गोळी ठरल्या खोलीवर बसवणारी वेगळी. या सगळ्या निवडीमागचा हेतू मात्र एकच असतो: शंभरावे काडतूस पहिल्यासारखे निघाले पाहिजे. साधनांची चर्चा कितीही लांबली तरी ती शेवटी या एकसारखेपणापाशीच येते. कोल्हापूरच्या नेमबाजाला डाय आणि प्रेसचा प्रश्न त्याच रूपात पडत नाही; एकसारखेपणाचा प्रश्न मात्र त्यालाही चुकलेला नाही. घरी काडतूस न बनवता तो एकसारखेपणा कसा मिळवायचा, हा या लेखनाचा विषय आहे. त्याचे उत्तर काडतुसाचा लॉट शास्त्रशुद्ध पारखण्यात आहे आणि ती पारख एकेका खेळाडूच्या पाकिटावर न सोडता रेंजने आणि संघटनेने करायची गोष्ट आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा विषय कोल्हापुरात मांडण्याला कारण आहे. ८ ऑगस्ट २०१० रोजी म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले, तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि नेमबाजीत जगज्जेती ठरणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला. राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले आणि २०१८ च्या जाकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत बरोबरीनंतरच्या शूटऑफमध्ये बाजी मारून पुन्हा सुवर्ण मिळवले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एका जिल्ह्यातून तीन अशी नावे निघावीत हे साधे नाही. या तिघांचे प्रकार वेगळे, स्वभाव वेगळे, घडण्याच्या जागाही वेगळ्या. पण तिघांच्या या यशामागचे काडतूस एकाच जातीचे आहे. रेंजवर ज्याला सगळे पॉइंट टू-टू म्हणतात ते, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या शिशाच्या गोळीचे छोटे काडतूस. त्याची आजची लाँग रायफल ही घडण १८८७ सालापासून चालत आलेली आहे.

हे काडतूस पुन्हा भरता येत नाही, ही पहिली गोष्ट स्पष्ट असावी. मोठ्या रायफलींच्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. घोडा तिच्यावर आदळतो, ती पेटते आणि नंतर तेवढीच काढून नवी बसवता येते. पॉइंट टू-टूची रचना निराळी आहे. त्यात टोपी नावाचा वेगळा भागच नसतो. पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ कडेत भरलेले असते. घोडा ही कड चेपतो आणि काडतूस पेटते. एकदा चेपलेली कड पुन्हा पूर्ववत होत नाही आणि बदलण्याजोगा सुटा भागही नसतो. म्हणजे आपल्याकडच्या रायफल आणि पिस्तूल खेळाडूंच्या मुख्य काडतुसापुरता डाय-प्रेसचा दरवाजा कायद्याने बंद होण्याआधी रचनेनेच बंद केलेला आहे. जगातला सर्वांत श्रीमंत नेमबाजसुद्धा या प्रकारात स्वतःचे काडतूस भरत नाही. तो कारखान्यातून आलेल्या डब्यांतूनच निवड करतो. या एका बाबतीत कोल्हापूरचा खेळाडू आणि जर्मनीचा खेळाडू एका रांगेत उभे आहेत. फरक पडतो तो निवड करण्याच्या सोयीत.

दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्रे किंवा दारूगोळा बनवणे, विकणे, दुरुस्त करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली अशा बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप इतकी शिक्षा आहे. याहून महत्त्वाची, आणि खेळाडूंच्या सहसा लक्षात न येणारी बाब, व्याख्येच्या कलमात आहे. या कायद्याच्या व्याख्येनुसार दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री हीसुद्धा दारूगोळाच आहे. परदेशातल्या दुकानात टेबलावर मांडून विकला जाणारा प्रेस आपल्याकडे निरुपद्रवी हत्यार म्हणून मोजला जाईल, अशा समजुतीत कोणी राहू नये. परवाना रायफलीचा आहे म्हणून तिची काडतुसे घरी भरण्याचाही हक्क मिळाला, असे होत नाही. ज्याला या वाटेने जायचे असेल त्याने आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा. कायदा कडक आहे की सैल, यावर मत असू शकते. पण खेळाडूची कारकीर्द परवान्यावर उभी असते आणि एका चुकीच्या पार्सलाने ती संपू शकते, हे मत नाही, वस्तुस्थिती आहे.

मग डाय आणि प्रेस जे काम करतात त्याची पॉइंट टू-टूच्या खेळाडूला गरज तरी किती आहे? याचे उत्तर लक्ष्याच्या मापात आहे. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढची प्रत्येक कडी ८ मिलिमीटर रुंद. गोळीने कडीला स्पर्श केला तरी तो गुण मिळतो, म्हणून गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा, पलीकडे गेला तर नऊ. अंतिम फेरीत दशांश गुण मोजतात. तिथे प्रत्येक ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. आता काडतुसाकडे या. स्पर्धेची चांगली गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने, म्हणजे मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवून, झाडली जाते. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळू नये यासाठी. ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल, तर या खाली येण्यात ७ ते ८ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे खेळाडूचा नेम, श्वास आणि बोट तिन्ही निर्दोष असूनही जवळजवळ एक पूर्ण कडी जाते. नळीच्या कंपनांमुळे हा हिशेब प्रत्यक्षात थोडा इकडेतिकडे होतो, पण त्याचा आवाका तोच राहतो. मोठ्या रायफलीचा नेमबाज तोलून भरलेल्या दारूने आणि नेमक्या डायने जो फरक मारायला बघतो, तोच हा फरक आहे. पॉइंट टू-टूच्या खेळाडूला तो आपल्या हाताने मारता येत नाही. कारखान्याने तो किती मारला आहे हे तपासून घेणे एवढेच त्याच्या हाती उरते.

इथे लॉटचा प्रश्न येतो. इंग्लंडची इली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या नावाजलेल्या कंपन्यांची वरच्या दर्जाची काडतुसे यंत्रावर एका सलग मांडणीत बनतात आणि त्या मांडणीला एक लॉट क्रमांक मिळतो. डब्यावरचे नाव तेच, रंग तोच, किंमत तीच. पण लॉट बदलला की शिसे, कडेतले मिश्रण, दारू, गोळीवरचे मेण आणि यंत्राची मांडणी यांतले काहीतरी सूक्ष्म बदललेले असते. एकाच गुऱ्हाळावर, एकाच शेतातल्या उसाच्या दोन आदणांचा गूळ सारखा उतरत नाही आणि शाहू मार्केट यार्डातला व्यापारी प्रत्येक ढीग वेगळा पारखतो, तसेच हे आहे. त्यात भर म्हणजे नळीचा स्वभाव. एका लॉटने एका रायफलीतून अप्रतिम गट द्यावा आणि त्याच बनावटीच्या शेजारच्या रायफलीतून तोच लॉट विस्कटावा, हे रेंजवर सर्वांना माहीत असलेले सत्य आहे. म्हणून चांगले काडतूस कोणते, हा प्रश्न अर्धवट आहे. या नळीला कोणता लॉट मानवतो, हा पूर्ण प्रश्न. युरोपातल्या उत्पादकांनी त्यासाठी सोयच उभी केली आहे. लापुआच्या जर्मनीतल्या शोनेबेक इथल्या केंद्रावर आणि इलीच्या बर्मिंगहॅमजवळच्या रेंजवर खेळाडू आपली रायफल घेऊन जातो, ती शिकंजात पक्की धरली जाते, एकामागून एक लॉट झाडले जातात आणि जो सर्वांत घट्ट बसेल तो त्याच्या नावे बाजूला काढला जातो. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर हजार काडतुसे भरणारा छंदिष्ट जे मिळवतो त्याहून जास्त एकसारखेपणा हा खेळाडू एका दुपारच्या चाचणीतून मिळवतो.

चाचणी करायची तर ती नीट केली पाहिजे, कारण अर्धवट चाचणी न केलेल्या चाचणीहून जास्त फसवते. पाच गोळ्यांचा एक गट झाडून सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधले अंतर मोजायचे आणि लॉट पास किंवा नापास ठरवायचा, ही आपल्याकडची सर्वांत जास्त रुळलेली पद्धत. तिच्यात दोन दोष आहेत. पाच गोळ्या फार थोड्या आहेत. एकाच लॉटच्या, एकाच डब्यातल्या दोन पाच-गोळी गटांत दीडपट फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो. दुसरा दोष असा की, लांबच्या दोन छिद्रांवर निकाल दिला की मधल्या तीन गोळ्यांनी सांगितलेले वाया जाते. त्यापेक्षा गटाचा मध्य काढून प्रत्येक छिद्राचे मध्यापासूनचे अंतर मोजावे आणि त्यांची सरासरी घ्यावी. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर हे काम आपोआप होते; कागदी लक्ष्यावर पट्टीने आणि धीराने होते. दहा गोळ्यांचे चार गट, म्हणजे एका लॉटच्या ४० गोळ्या, ही कामाला लायक संख्या आहे. तरीही ४० गोळ्यांनंतर दोन लॉटच्या सरासरीत दहाएक टक्क्यांचाच फरक दिसला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. तो नशिबाचा असू शकतो. म्हणून चाळणी दोन टप्प्यांत लावावी: पहिल्या फेरीत वाईट लॉट बाद करावेत आणि उरलेल्या दोन लॉटवर पुन्हा तितक्याच गोळ्या खर्च कराव्यात. प्रत्येक लॉट सुरू करण्यापूर्वी नळीत त्याच लॉटच्या काही गोळ्या झाडून आधीच्या लॉटचे मेण जाऊ द्यावे. हवेचे तापमानही नोंदवावे. गोळीवरचे मेण आणि दारू दोन्ही उष्णतेला प्रतिसाद देतात, म्हणून जानेवारीच्या सकाळचा निकाल एप्रिलच्या दुपारी पुन्हा तपासून पाहणे शहाणपणाचे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, पदक माणूस जिंकतो, काडतूस जिंकत नाही. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते कुठवर आहे हे आकड्यांनी ठरवता येते. पॅरिसच्या अंतिम फेरीत स्वप्नील कुसाळे यांनी ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण केले. म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२६, गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून झाडलेल्या गोळ्या केंद्रापासून सरासरी साडेपाच-सहा मिलिमीटरवर. आता समजा एखाद्या अशाच दर्जाच्या खेळाडूची स्वतःची चूक सरासरी ५ मिलिमीटर आहे. काडतुसाची चूक ३ मिलिमीटर असेल तर दोन्ही मिळून होते सुमारे ५.८, चूक ४ मिलिमीटर असेल तर ६.४. फरक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, गोळीमागे जेमतेम ०.०७ गुण. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण ४४ गोळ्यांत तो ३ गुणांवर जातो आणि पॅरिसच्या त्याच फेरीत सुवर्ण आणि रौप्य यांच्यातले अंतर २.३ गुणांचे होते. उलट एखाद्या नवशिक्याची स्वतःची चूक २० मिलिमीटर असेल, तर त्याच दोन लॉटमधला फरक त्याच्या एकूण चुकीत ०.२ मिलिमीटरचीही भर घालत नाही. माणूसच पदक जिंकतो हे खरे. पण माणूस जसजसा चांगला होतो तसतसा काडतुसाचा वाटा वाढत जातो. जो खेळाडू वर्षानुवर्षे घाम गाळून आपली चूक ५ मिलिमीटरवर आणतो, त्याच्यावर काडतुसाचा चौथा मिलिमीटर लादणे हा त्याच्या कष्टांवर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप याच हिशेबातून निघतो. बहुतेक खेळाडू नवशिके असतात. मग लॉट चाचणी ही मूठभरांची चैन नाही का? महागड्या लॉटच्या बाबतीत, आहे. राज्य स्पर्धेच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींनी महाग काडतुसांच्या मागे लागू नये. तोच पैसा जास्त सरावाला लावावा. पण पारखण्याची सवय सुरुवातीपासून लावता येते आणि ती जवळजवळ फुकट लागते. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजसारख्या ठिकाणी खेळाची सुरुवात होते ती १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलाने. त्यांचे ४.५ मिलिमीटरचे छरे काडतुसाच्या तुलनेत स्वस्त असतात, डोक्याच्या मापात ४.४९, ४.५०, ४.५१ असे निवडून मिळतात आणि तिथेही एका नळीला एक माप मानवते, दुसरीला दुसरे. शाळकरी मुलीने वहीत छऱ्याचे माप, डब्याचा क्रमांक आणि गटाची सरासरी लिहायला सुरुवात केली, तर ती पुढे पॉइंट टू-टूकडे येईल तेव्हा पारखण्याची शिस्त सोबत घेऊनच येईल. शिवाय प्रकारानुसार कसोटी बदलते, हेही तिला कळेल. २५ मीटर पिस्तुलात दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे, जलद फेरीत १०० मिलिमीटरचे. तिथे गटाच्या शेवटच्या मिलिमीटरपेक्षा काडतूस अडकणार नाही, पेट चुकवणार नाही आणि हाताला बसणारा धक्का दर वेळी सारखा असेल, याची किंमत जास्त. रायफलच्या खेळाडूने निवडलेला लॉट पिस्तुलाच्या खेळाडूने डोळे झाकून उचलू नये.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खराच आहे. सहा लॉट पारखायचे तर एका रायफलीला २४० गोळ्या लागतात. त्यात दुसरा टप्पा धरला तर आणखी. एकट्या खेळाडूला हे परवडत नाही. शिवाय त्याच्या हाती सहा लॉट येतच नाहीत. आयातीतून जो लॉट वाट्याला येतो तो घ्यावा लागतो. म्हणूनच हे काम सामुदायिक असायला हवे. सहकारातून दूध आणि साखर उभी केलेल्या जिल्ह्याला ही कल्पना समजावून सांगायला नको. रेंजवर एक पक्का चाचणी-बाक, रायफल धरणारा शिकंजा, ५० मीटरवर वाऱ्यापासून आडोसा दिलेली एक लेन आणि निकाल साठवणारी एक नोंदवही, एवढ्यावर सुरुवात होते. शिकंजा हा दारूगोळाही नाही आणि तो बनवण्याचे यंत्रही नाही. तो एक अचूक घडवलेला लोखंडी आधार आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या आणि शिरोलीच्या कारखान्यांत इंजिनाचे आणि वाहनांचे भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत घासून काढणारे कारागीर आहेत. गेज लावून माल पास-नापास करणे त्यांच्या रोजच्या कामातले आहे. डाय आणि प्रेस या क्षेत्रातले त्यांचे कौशल्य काडतूस बनवण्याकडे नेण्याची गरज नाही, ते काडतूस पारखण्याच्या साधनांकडे वळवता येते. एक पथ्य मात्र पाळावे लागेल. काडतुसे परवान्यावर नोंदलेली असतात. ती मित्राला वापरायला देणे, अदलाबदल करणे कायद्यात बसत नाही. म्हणून चाचणीची काडतुसे संस्थेच्या परवान्यावर, संस्थेच्या हिशेबात यावीत, खेळाडूने आपली परवानाधारक रायफल आणावी आणि प्रत्येक गोळीची नोंद रेंजच्या वहीत राहावी.

चौथा आक्षेप उलट्या बाजूचा. कोणी म्हणेल, कायदा बदलून घेण्याची मागणी करा. जे इतर देशांत चालते ते इथे का नको? पॉइंट टू-टूसाठी ही मागणी निरर्थक आहे, कारण ते काडतूस कायदा बदलूनही पुन्हा भरता येणार नाही. प्रश्न उरतो तो ३०० मीटर रायफल आणि सेंटर फायर पिस्तूल या प्रकारांचा. तिथे पुनर्भरणाला खरा अर्थ आहे. ३०० मीटरवर एका नळीच्या कोठीत घडलेली पुंगळी पुन्हा त्याच कोठीसाठी मान दाबून वापरली, गोळी सूक्ष्म मापाच्या डायने एका खोलीवर बसवली, तर कारखान्याच्या सर्वसाधारण काडतुसापेक्षा घट्ट गट मिळतो. अशा कामाला साधा, जाड बांध्याचा, एका वेळी एकच काम करणारा प्रेस चांगला. वेगाचा प्रोग्रेसिव्ह प्रेस संख्येसाठी असतो आणि अचूकतेच्या कामात प्रत्येक काडतुसावर ठेवायची नजर तो कमी करतो. सेंटर फायर पिस्तुलात अंतर २५ मीटरचे आणि सरावाच्या गोळ्या पुष्कळ, म्हणून तिथे टरेट प्रेसचा मधला मार्ग योग्य ठरावा. पण हे सगळे मान्य करूनही मी ते घराच्या चौकटीत बसवायला तयार नाही. दारू, टोप्या आणि मुलाबाळांचे घर एका छताखाली ठेवण्यातला धोका सावधगिरीने कमी होतो, संपत नाही. दारूचे माप दुप्पट पडले तर रायफल फुटते, आणि ती गालापाशी असते. हे काम कधी आपल्याकडे व्हायचे तर राज्य किंवा राष्ट्रीय संघटनेच्या परवान्याखाली, जबाबदार अधिकाऱ्याच्या देखरेखीत, मोजक्या खेळाडूंसाठी व्हावे. मागणी करायची तर इतकी नेमकी करावी. मोघम मागणीला सरकारचे उत्तरही मोघम नकाराचेच येते.

शेवटचा आक्षेप स्वदेशीचा आहे आणि तो मला मनापासून पटतो. आयात लॉटच्या मागे किती दिवस धावायचे? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. तो आणि वरणगावचा कारखाना आज ज्या सरकारी कंपनीत आहेत त्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यातच आहे. छोट्या शस्त्रांचे काडतूस बनवण्याचा इतका जुना अनुभव महाराष्ट्राच्या भूमीवर असताना आपले ऑलिंपिकपटू युरोपातल्या डब्यांवर अवलंबून राहतात, ही स्थिती बदलली पाहिजे. पण सैन्याचे काडतूस आणि स्पर्धेचे काडतूस यांची कसोटी वेगळी असते. सैन्याला धूळ, चिखल, थंडी आणि घाई यांत हमखास पेट घेणारे काडतूस हवे. स्पर्धेला सलग ६० वेळा त्याच ८ मिलिमीटरच्या आत जाणारे. हे दुसरे काडतूस कारखाना बनवू शकेल तेव्हाच, जेव्हा त्याला प्रत्येक लॉटचा निकाल रेंजकडून परत मिळेल. बनवणारा आणि झाडणारा यांच्यात आकड्यांची देवाणघेवाण नसेल, तर सुधारणा कोणत्या दिशेने करायची हे कारखान्याला कळणार कसे? म्हणजे स्वदेशी काडतुसाची वाटसुद्धा चाचणी-बाकावरूनच जाते. आणि उद्या आपले उत्तम काडतूस तयार झाले, तरी त्याचेही लॉट असतील, नळ्याही आपापल्या स्वभावाच्या असतील. पारखण्याचे काम तेव्हाही उरेल.

१९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते. लोकसभेच्या या पहिल्या अध्यक्षांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या खेळाडूंना राष्ट्रीय पातळीची वाट दाखवते. खेळ सर्वांपर्यंत न्यायचा तर संस्था उभ्या कराव्या लागतात, ही त्या पिढीची समज होती. पदके आली की आपण सत्कार करतो, चौकात फलक लावतो, बक्षिसे जाहीर करतो, ते करावेच. पण पुढच्या खेळाडूला त्याहून जास्त उपयोगी पडेल ती एक साधी व्यवस्था: रेंजवर शिकंजा, संस्थेच्या परवान्यावर तीन-चार वेगवेगळे लॉट, वर्षातून दोन चाचण्या आणि सर्वांना वाचायला खुली नोंदवही. कोणत्या नळीतून, कोणत्या तापमानात, कोणत्या लॉटने काय दिले, हे दहा वर्षे लिहीत गेलो तर कोल्हापूरकडे असे ज्ञान जमेल जे विकत मिळत नाही. पुढच्या पानांत चाचणीची रीत, नोंदीचे नमुने आणि मोजमापाचे हिशेब टप्प्याटप्प्याने दिले आहेत. वाचकाने ते प्रमाण म्हणून स्वीकारण्यापेक्षा स्वतःच्या रायफलीवर ताडून पाहावेत आणि जिथे त्याच्या ४० गोळ्या काही वेगळे सांगतील, तिथे त्या गोळ्यांचे ऐकावे.